आधी जुनं जमा

नवा खराटा पाहिजे असेल तर जुन्या खराट्याचा बुडखा आणायचा. नवा बल्ब पाहिजे तर उडालेला बल्ब. आणि बादली पाहिजे तर जुनी बादली, मग ती विहिरीच्या तळाशी का असेना. आमच्या कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीत नाना शेवकरी नावाचा जो गृहस्थ बसे, त्याचा हा कायदा होता. बादलीचं मी उगाच सांगत नाही. आमच्या खात्यातल्या एका हेल्परची बादली खरोखरच विहिरीत पडली होती. नानांनी त्याला नवी दिली नाही. चिंचवड गावातून गळ मागवला, दोराला बांधून त्याच्या हातात दिला आणि त्याला विहिरीच्या काठावर बसवलं. अर्धी पाळी संपता संपता बादली वर आली, तीही बुडाला भोक पडलेली. नानांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, "जमा" म्हणाले आणि मगच खिडकीतून नवी बादली सरकवली.

पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकताच कारखाना उभा राहिला होता. आजूबाजूला बाभळी, ज्वारीची शेतं आणि मध्ये आमच्या कॉलनीच्या बैठ्या खोल्यांच्या रांगा. मी मूळचा चिपळूणकडचा, मेंटेनन्सला फिटर. माझं आणि नानांचं शेजार भिंतीला भिंत लागून. म्हणजे दिवसभर ज्या माणसाशी एका वॉशरसाठी भांडायचं, त्याच्याच खोकल्याने पहाटे जागं व्हायचं. असं भाग्य काही सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

नाना चाकणचे. लढाईच्या दिवसांत देहूरोडच्या लष्करी डेपोत चिकटले आणि तिथे कुणा गोऱ्या साहेबाने हा नियम त्यांच्या डोक्यात भरला. साहेब विलायतेला गेला, स्वराज्य आलं, नियम तेवढा नानांपाशी राहिला. वय चाळिशीचं, अंगात खाकी शर्ट, बोलणं अर्धं चाकणचं आणि अर्धं डेपोचं. बायको तीनेक वर्षांपूर्वी वारलेली, पोरबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यापुढे ते काही सांगत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

नियम घरीही तसाच. भाजीवालीकडून वांगी घेताना कालचं किडकं वांगं आधी तिच्या पाटीत ठेवायचे. चांभाराकडे नव्या वहाणा घ्यायला जाताना जुन्या काखोटीला मारून न्यायचे. तो म्हणे, मला ह्यांचा काय उपयोग? नाना म्हणत, "तुला नको आसंल, पर जमा तर व्हायला पायजे." एकदा आमच्या हिने त्यांच्याकडून वाटीभर साखर आणली. परत करताना भरलेल्या वाटीवर चिपळूणहून आलेली दोन आमसुलं ठेवली. आपल्यात शेजारची वाटी नुसती परत करायची पद्धत नाही. नानांनी साखर पाहिली, "जमा" म्हणाले आणि आमसुलं परत पाठवली. का, तर ती दिलेल्या मालात नव्हती! हिने आठवडाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. नानांच्या खिशात पेन्सिलीशेजारी बायकांच्या केसांचा एक आकडा असे. त्यांच्या उजव्या बाजूची खालची शेवटची दाढ, म्हणजे अक्कलदाढ, तिरकी उगवून किडलेली होती. ती ठणकली की नाना कागदाच्या पुडीतून एक लवंग काढत आणि त्या आकड्याच्या टोकाने दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवत. दिवेलागणीला तर हा कार्यक्रम ठरलेला, ठणको वा न ठणको. त्या वेळी आमच्या घरातही लवंगेचा वास यायचा. एकदा एका यंत्राच्या तेलाच्या नळीत कचरा अडकला, म्हणून मी तो आकडा क्षणभर मागितला. "त्यो स्टोअरचा माल न्हाई," असं म्हणून नानांनी खिशाचं बटण लावून घेतलं. मी मनात म्हटलं, धन्य आहे बाबा तुझी. आकड्यावरही पहारा!

त्या थंडीत दाढ सुजली. नानांच्या गालात लिंबू धरल्यासारखं दिसायला लागलं. नेमकी त्याच वेळी त्यांची थोरली बहीण, आक्का, चाकणहून एक स्थळ घेऊन आली. आक्का म्हणजे धिप्पाड बाई. कांद्याच्या बाजारात दलालांना गप्प बसवणारी. मुलगी मोशीची होती. बापाच्या दुखण्यात लग्नाचं वय मागे पडलेली, पण घरची चांगली, कामाला वाघीण, असं आक्का म्हणाली. नानांनी पुन्हा संसार मांडावा ह्यासाठी तिने तीन वर्षं जीव टाकला होता, आणि ह्या खेपेला ती हात हलवत परत जाणार नव्हती. फक्त अडचण होती गालाची.

"हे आसलं थोबाड बघून पोरीचा बाप उंबऱ्यावरनंच माघारी जाईल," आक्काने आमच्या पडवीत बसून निकाल दिला. "आधी दाढ काढ. सूज उतरली की आयतवारी त्येंला बोलावते."

तेव्हापासून सगळ्या रांगेला हिशेब पाठ झाला. दाढ निघाली की मोशीची मंडळी येणार, मंडळी आली की नानांचं लग्न. आणि दाढ काही निघेना. एवढा आडदांड माणूस, विहिरीतून बादल्या उपसायला लावणारा, आणि पकडीला भितो? आमच्या रांगेत ह्याची फार करमणूक झाली. त्यात मीही मागे नव्हतो.

पहिल्यांदा नानांनी घरगुती उपाय पुढे केले. आमच्या हिनेच सांगितलेल्या भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतली. त्या धुरीने दाढेतली कीड पडते म्हणतात. कीड काही पडली नाही, पण धुराने आम्ही दोन्ही घरची माणसं अंगणात येऊन पडलो. मग आक्का म्हणाली, चाकणच्या बाजाराला वैदू येतो, फडक्यावर दातांचा ढीग मांडून बसतो, त्याच्याकडे चल. नानांनी विचारलं, ते दात ज्याचे त्याला परत का नाही देत? आणि नाना वैदूकडे गेले नाहीत.

मग निघाली कमिटी. स्टोअरातली वस्तू भंगारात काढायची तर तिघांनी ती समक्ष पाहून निकामी ठरवावी लागते, हे मला नोकरीत माहीत होतं. पण तो नियम दाढेला लागू असेल हे मला त्या रविवारी कळलं. कमिटीत मी, कारण फिटर म्हणून मला यंत्रातलं कळतं. दुसरे पलीकडच्या खोलीतले टाइमकीपर साने, कारण ते खोटं बोलत नाहीत. तिसरी आक्का, कारण तिला कमिटीबाहेर ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. नाना अंगणात खुर्चीवर बसले, मान मागे टाकली आणि आ केला. मी बॅटरी मारली. आत काळं भोक, त्यात लवंगेचा तुकडा, सभोवती लालभडक सूज. मी म्हटलं निकामी. आक्का म्हणाली, निकामी काय, कवाच मेलीय ती. साने मात्र बराच वेळ वाकून पाहत होते. शेवटी ते प्रामाणिकपणे म्हणाले की बाहेरची भिंत शाबूत दिसते, भरून घेतली तर चालेल.

नानांचा चेहरा एकदम उजळला. तोंड मिटून ते म्हणाले, "कमिटीत मतभेद हाय. पुढच्या बैठकीपर्यंत माल जागेवर ऱ्हाईल."

आक्काने सान्यांकडे असं पाहिलं की ते पुढचे चार दिवस मागच्या दाराने ये-जा करत होते.

पुढची बैठक आक्काने होऊच दिली नाही. ताप भरला, तोंड उघडेना, तेव्हा तिने परस्पर मला कॅम्पातल्या एका चिनी दातवाल्या डॉक्टरकडे पाठवून दिवस ठरवून टाकला. आता नानांना पळवाट नव्हती. मग त्यांनी तयारी सुरू केली. पुढे मऊ खावं लागणार म्हणून, तोंड जेवढं उघडेल तेवढ्यातून डाव्या बाजूने भाजलेले हरभरे, शेंगदाण्याची चिक्की, कडक भाकरी असं सगळं एकेकदा खाऊन घेतलं. कुठे परगावी निघालेला माणूस ओळखीच्या घरी निरोप घेत फिरतो ना, तसं चाललं होतं. मग म्हणाले सराव करू. मी पक्कड घेऊन समोर उभं राहायचं आणि त्यांनी डोळे न मिटता बघायची सवय करायची. माझी पक्कड ढिली झाली होती, म्हणून म्हटलं, तुमच्याच स्टोअरातून नवी द्या. त्यांनी जुनी जमा करून घेतली आणि नवी दिली. तापाने फणफणत असतानासुद्धा! सराव दोनदा झाला. नाना पकडीकडे टक लावून बघत होते, पण त्यांना त्या पकडीचं भय वाटतंय असं काही मला दिसेना. तेव्हा मी त्याचा फार विचार केला नाही.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं गाडीने पुण्याला गेलो. दवाखान्याच्या काचेच्या कपाटात कवळ्या मांडलेल्या होत्या. आक्काला त्या कवळ्या आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटलं, म्हणून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. डॉक्टर म्हातारा, शांत, हिंदीत बोलणारा. त्याने सुई दिली, हत्यारं उकळत्या पाण्यातून काढली आणि कामाला लागला. दाढेची मुळं वाकडी निघाली. डॉक्टरच्या कपाळावर घाम आला. कडकड असा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला आणि त्यानंतर मला एकदम स्टुलावर बसवून पाणी पाजण्यात आलं. नानांना नव्हे, मला.

नाना खुर्चीच्या हातांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. हूं नाही की चूं नाही. म्हणजे हा माणूस पकडीला घाबरत नव्हता तर! मग इतके दिवस हे सगळं कशापायी?

दाढ निघाली. डॉक्टरने ती खालच्या एनॅमलच्या बादलीत टाकली, तोंडात कापसाचा बोळा दाबला आणि हात धुवायला वळला. नाना उठले. खुर्चीवरून उतरून ते सरळ त्या बादलीपाशी उकिडवे बसले. आत दिवसभराच्या दाढा, बोळे, रक्ताचं पाणी. नानांनी हात घातला, एक दाढ काढून पाहिली, परत टाकली, दुसरी काढली, तीही टाकली. तिसरीच्या भोकात लवंग होती. ती त्यांनी मुठीत धरली.

"अरे भाई, सड़ गया है वो," डॉक्टर म्हणाला. "उसका क्या करेगा?"

नानांच्या तोंडात बोळा होता. त्यातूनही त्यांनी कसाबसा एक शब्द काढला, "जमा."

मला हसू आवरेना. म्हटलं, मेला तरी हा माणूस यमाकडे नव्या जन्मासाठी जुना देह घेऊन रांगेत उभा राहील. नानांनी दाढ नळाखाली धुतली, रुमालात गुंडाळली आणि आकड्याच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, सुईचा अंमल उतरला असेल.

डॉक्टरने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. गरम खायचं नाही, बोलायचं नाही. नानांनी जन्मात पहिल्यांदा रजा घेतली. तिकडे कारखान्यात दिवाळी झाली. स्टोअरच्या खिडकीत बदली आलेला माणूस जुनं-बिनं काही मागत नव्हता. ज्याला त्याला नवे खराटे, नवे बल्ब. मीही चार वॉशर आणि एक कानस उचलून आणली. हे कुणीतरी नानांच्या कानावर घातलं, तेव्हा ते बोलू शकत नव्हते म्हणून नुसतेच कण्हले. ते कण्हणं आमच्या भिंतीतून ऐकू आलं.

आक्काने खपून शुश्रूषा केली. कधी पेज, कधी मऊ भात, कधी दुधात कुस्करलेली भाकरी. आमच्या हिने रव्याची खीर पाठवली. नाना गालाला मफलर बांधून खाटेवर बसत आणि खाऊन झालं की जिभेने ती रिकामी जागा चाचपत राहत. दिवेलागण झाली की त्यांचा हात खिशाकडे जाई, बटणापर्यंत जाई आणि खाली येई. सूज उतरली, तरी मफलर सुटेना. शेवटी आक्कानेच तो ओढून काढला, गाल इकडून तिकडून दाबून पाहिला आणि मोशीला निरोप धाडला.

रविवार उजाडला. मुलीकडची मंडळी छकड्यातून यायची होती. मला चार माणसांत बसायला म्हणून बोलावलं होतं, म्हणून मी धुतलेला सदरा घालून हजर झालो. आक्का चुलीवर पोहे परतत होती. नाना दाढी करून, पांढरा शर्ट घालून खाटेवर बसले होते, पण त्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाशी त्यांची मूठ आवळलेली.

"आक्के," नाना म्हणाले. दाढ गेल्यानंतर त्यांचा आवाज असा स्वच्छ मी पहिल्यांदाच ऐकला. "जुनं जमा केल्याबिगर नवं मिळत न्हाई."

आक्का उलथनं घेऊनच फिरली. "ते तुज्या स्टोअरात. हितं काय जमा करायचंय? तिला जाऊन तीन वर्सं झाली."

नानांनी मूठ उघडली. रुमालावर ती दाढ होती आणि शेजारी केसांचा आकडा.

"ह्यो आकडा वळखतीस का?" त्यांनी विचारलं.

आक्काने पाहिलं. हातातलं उलथनं तिने खाली ठेवलं.

"रोज दिवे लागल्यावर ती मला उंबऱ्यावर बसवायची, आ करायला लावायची आन् ह्या आकड्यानं लवंग घालायची. कंदील धरायला मीच. ती गेल्यावर मी घालत आलो. दाढ ठणकली की वाटायचं, आता हाक मारंल. समदी म्हणत्यात नाना पकडीला भ्याला. म्हणू देत." त्यांनी आकडा दाढेशेजारी सरळ ठेवला. "जमा करायला ही येवढीच हुती, आन् ती करायला माजा हात हुत न्हाई. मग नवं कुठल्या तोंडानं मागू? आता तर दुखत बी न्हाई, आक्के."

खोलीत पोहे करपल्याचा वास सुटला. आक्काने कढई उतरवली आणि ती तशीच भिंतीला टेकून खाली बसली. एवढी दांडगी बाई, पण पदर तोंडाला लावून रडली. मला कुठे बघावं कळेना. त्या दाढेवर आम्ही बॅटऱ्या मारल्या होत्या, कमिट्या भरवल्या होत्या, पोट धरधरून हसलो होतो. आणि हा माणूस तेवढ्या एका ठणक्यासाठी दिवस ढकलत होता. मला फार वाईट वाटलं.

थोड्या वेळाने आक्काने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "भाऊ, तुमची सायकल हाय न्हवं? भोसरीच्या वाटेला जावा. छकडा दिसला की सांगा, जखम चिघळली, ताप भरलाय. पोरीला नाव ठेवलं आसं व्हायला नको. म्होरचं मी मोशीला जाऊन निस्तरते."

मी टांग मारली. छकडा अर्ध्या वाटेवर भेटला. मी सांगायचं ते सांगितलं. मुलीचा बाप समजूतदार होता. तो म्हणाला, दाढेचं दुखणं वाईटच, आतल्या आत खातं, जपा म्हणावं त्यांना. आणि त्याने बैल वळवले.

सोमवारी नाना खिडकीत हजर. बदलीवाल्याने किती माल फुकट वाटला हे कळल्यावर त्यांनी अख्ख्या कारखान्याला धारेवर धरलं. मी वॉशर मागायला गेलो, तर वर न बघता म्हणाले, "जुना?" मी खिशातून झिजलेला वॉशर काढून फळीवर ठेवला, शिवाय रजेत उचललेल्या चार वॉशरांचे जुने चारही आणि जुनी कानसही ठेवली. "जमा," नाना म्हणाले.

आक्का चाकणला गेली. जाताना तिने नानांच्या वाटीतून घरच्या म्हशीचं तूप आमच्याकडे पाठवलं होतं. दोन दिवसांनी दिवे लागायच्या सुमाराला आमच्या हिने ती वाटी घासूनपुसून घेतली आणि परत करायला निघाली. आमसुलांची आठवण होती, म्हणून मी म्हटलं, त्यात काही ठेवू नकोस, परत येईल. ती म्हणाली, बघू या. तिने मसाल्याच्या डब्यातून मूठभर लवंगा काढून वाटीत टाकल्या.

मी दारातून बघत होतो. नाना उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी वाटी घेतली, लवंगा पाहिल्या, वाटी नाकाशी नेली. बराच वेळ ती दोन्ही हातांत धरून बसून राहिले. लवंगा काही परत आल्या नाहीत. ही वाट बघत जरा उभी राहिली आणि घरी परतली. त्या दिवशी नाना जमा म्हणायचं विसरले.